कितवा पसंतीक्रम?

जून महिन्यात आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पाऊस कुठवर आला आणि पोराला प्रवेश कुठं मिळाला? २०२५ च्या जूनमध्ये यातल्या दुसऱ्या प्रश्नाची भाषा बदलली. विश्रामबागेत सकाळी दुधाची पिशवी घेऊन परतणारी माणसं एकमेकांना 'कितवा पसंतीक्रम लागला?' असं विचारू लागली. 'पहिला' म्हणणारा बाप थोडा थांबून बोलायचा. 'सातवा' म्हणणारा चालता चालताच उत्तर द्यायचा. मुलाचे गुण किती, त्याला शिकायचंय काय, या गोष्टी मागे पडल्या आणि एक आकडा पुढे आला.

असं होण्याचं कारण सर्वांना ठाऊक आहे. अकरावीचे प्रवेश संगणकावरून करण्याची पद्धत मुंबई परिसरात २००९ मध्ये सुरू झाली. पुढे पुण्यासारख्या काही मोठ्या शहरांत ती आली. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून मात्र ती सबंध महाराष्ट्राला लागू झाली. मुंबईच्या चर्चगेटजवळचं महाविद्यालय आणि जत तालुक्यातल्या गावचं कनिष्ठ महाविद्यालय एकाच संकेतस्थळावर, एकाच वेळापत्रकात आली. सांगली-साताऱ्याच्या पालकांसाठी हे सगळंच नवं होतं.

आमच्या विश्रामबागेला प्रवेश ही काही नवी गोष्ट नाही. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या या माळावर डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये विलिंग्डन महाविद्यालय सुरू केलं. १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आलं, तेच आजचं वालचंद. मग त्यांच्या आजूबाजूला वसतिगृहं आली, खाणावळी आल्या, कॉट बेसिसच्या खोल्या आल्या आणि शेवटी क्लासेसचे फलक आले. इथल्या निम्म्या धंद्यांचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो. त्यामुळे प्रवेशाची यादी दोन दिवस लांबली की घरमालकापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळे अस्वस्थ होतात. त्या वर्षी ते बराच काळ अस्वस्थ राहिले.

या पद्धतीबद्दल लोक समाधानी आहेत का, असा प्रश्न मला गेले वर्षभर पुन्हा पुन्हा पडतो. मी अनेक पालकांशी आणि मुलांशी बोललो. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. संकेतस्थळ नीट चाललं का, हा एक प्रश्न झाला. मनासारखं महाविद्यालय मिळालं का, हा दुसरा. आणि जे मिळालं ते का मिळालं हे पटलं का, हा तिसरा. आपल्याकडे चर्चा होते ती पहिल्या दोन प्रश्नांची. तिसरा कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरं समाधान त्या तिसऱ्या प्रश्नापाशीच आहे.

चिठ्ठीचे दिवस

जुन्या पद्धतीची आठवण काढून हळहळणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यातला नाही. त्या पद्धतीत पाच ठिकाणी पाच अर्ज घ्यायचे, पाच ठिकाणी रांगेत उभं राहायचं आणि पाच फलकांपुढच्या गर्दीत टाचा उंचावून मुलाचं नाव शोधायचं. एका ठिकाणी नाव लागलं की शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथं जमा करावा लागे. चार दिवसांनी दुसरीकडे, अधिक चांगल्या ठिकाणी नाव लागे. मग दाखला परत मिळवण्यासाठी हेलपाटे आणि भरलेल्या फीवर पाणी. सांगलीत राहणाऱ्याला हे निदान जमत तरी होतं. आटपाडी किंवा जतहून येणाऱ्या शेतकऱ्याला एका अर्जापायी दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं मोजावं लागे. तो मग एकच अर्ज भरायचा. निवड अशी त्याला कधी मिळालीच नाही.

आणि चिठ्ठी असायची. मी बँकेत शाखाधिकारी असताना जूनमध्ये माझ्याकडेही लोक चिठ्ठी मागायला येत. का, तर एका महाविद्यालयाचं खातं आमच्या शाखेत होतं! खातं सांभाळणाऱ्याचा शब्द चालतो, अशी लोकांची श्रद्धा. तो चालत नव्हता ही गोष्ट वेगळी. पण शब्द टाकल्याशिवाय काही होत नाही असं सुशिक्षित माणसांनाही वाटत होतं, यातच त्या पद्धतीबद्दलचा अविश्वास दिसतो.

मध्यवर्ती प्रवेशाचं मूळ याच अविश्वासात आहे. १९८३ मध्ये सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. हजारो मुलांना शिक्षणाची दारं उघडली, पण त्याबरोबर कॅपिटेशन फी हा शब्दही घराघरांत गेला. १९८७ मध्ये राज्याने ती फी बेकायदा ठरवणारा कायदा केला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात निकाल दिला आणि व्यावसायिक महाविद्यालयांच्या जागा गुणवत्तेच्या यादीने भरण्याची चौकट घालून दिली. संस्थेच्या दाराशी काय चालतं याची खात्री नाही, म्हणून यादी दारापासून दूर नेली. अकरावीची यादी संगणकावर गेली त्यामागेही हाच विचार होता, आणि तो विचार योग्यच आहे. व्यवस्थापन कोटा, इनहाउस कोटा, अल्पसंख्याक कोटा हे आजही आहेत. पण बाकीच्या जागांपुरती चिठ्ठी निकालात निघाली, हे मान्य करायला हवं.

शेकडा बहात्तर, पण कशाचे?

२०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर. नियमित विद्यार्थ्यांपैकी साडेचौदा लाखांहून अधिक उत्तीर्ण झाले. निकाल लवकर म्हणजे कॉलेजही लवकर, असा सरळ हिशेब लोकांनी केला. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती. त्या दिवशी संकेतस्थळ उघडेना. आमच्या चौकातल्या नेट कॅफेत मुलं सकाळपासून बसून होती आणि पडद्यावर एक गोल नुसता फिरत होता. अखेर नोंदणी २६ मेपासून सुरू झाली. अल्पसंख्याक संस्थांतल्या जागांना सामाजिक आरक्षण लावण्याच्या प्रश्नावर जूनमध्ये उच्च न्यायालयाची स्थगिती आली. पहिल्या फेरीची यादी लागली ती जूनच्या शेवटच्या आठवड्यात.

या फेरीत सुमारे ६ लाख ३२ हजार विद्यार्थ्यांना महाविद्यालय मिळालं आणि त्यांतल्या साडेचार लाखांहून अधिक मुलांना पहिल्या पसंतीचं मिळालं. म्हणजे शेकडा ७२. आकडा पाहून कोणालाही बरं वाटेल.

पण बँकेत चाळीस वर्षांजवळ काढलेल्या माणसाला टक्केवारी दिसली की तो आधी खालचा आकडा पाहतो. हे शेकडा ७२ कशाचे? ज्यांना काहीतरी मिळालं त्यांच्यापैकी. यादीची वाट पाहत होते दहा लाखांहून अधिक विद्यार्थी. तो आकडा खाली घेतला तर पहिली पसंती मिळालेल्यांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली जातं. दोन्ही आकडे खरे आहेत. कर्जवसुलीचे आकडे आम्हीही असे दोन प्रकारे मांडू शकत असू, आणि वरिष्ठांना कोणता आवडतो ते सगळ्या शाखाधिकाऱ्यांना माहीत असे.

त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. पहिली पसंती मिळालेला प्रत्येक विद्यार्थी समाधानी असतो का?

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची भाची कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका गावात राहते. तिला त्या वर्षी दहावीला एकाहत्तर टक्के मिळाले. नर्सिंगला जायचं म्हणून तिला विज्ञान शाखा हवी होती. गावापासून सहा किलोमीटरवर कनिष्ठ महाविद्यालय, तिथं विज्ञान शाखा आहे. गावातल्या चार मुली सायकलने तिथं जातात. घरात स्मार्टफोन एक, तोही वडिलांबरोबर ऊसतोडीच्या मुकादमाकडे. म्हणून वडील तिला घेऊन तालुक्याच्या गावी एका दुकानात गेले. दुकानदाराने अर्ज भरला, मोबाइल क्रमांक बहुतेक स्वतःचाच घातला आणि पसंतीक्रम विचारल्यावर वडील म्हणाले, 'घाला चांगली चांगली.' त्याने घातली. पहिलं नाव सांगली शहरातल्या एका महाविद्यालयाचं पडलं.

पहिल्या फेरीत तिला तेच मिळालं. सरकारी आकड्यात ती पहिल्या पसंतीची, म्हणजे समाधानी विद्यार्थिनी झाली. घरी मात्र रडारड. सांगली तिथून चाळीस किलोमीटरच्या वर. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, पण पहाटे पाचला उठून संध्याकाळी सातला घरी येणारी एसटी कोणत्या आईला चालेल? आणि नियम असा, की पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं तर तिथं प्रवेश घ्यायलाच हवा. घेतला नाही तर नियमित फेऱ्यांतून बाहेर. आई म्हणाली, 'यंदा राहू दे.' 'यंदा राहू दे' या तीन शब्दांत आपल्याकडे किती मुलींचं शिक्षण संपलं आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

तिचं संपलं नाही. शाळेतल्या एका शिक्षकांनी लक्ष घातलं आणि नियमित फेऱ्यांनंतर सर्वांसाठी खुली फेरी झाली तेव्हा तिला सहा किलोमीटरवरचं ते महाविद्यालय मिळालं. तोवर ऑगस्ट उजाडला होता. तिथल्या विज्ञान शाखेच्या जागा पहिल्या दिवसापासून रिकाम्या होत्या. तिच्याशी स्पर्धा करणारं तिथं कोणी नव्हतंच.

यंत्र नक्की करतं काय?

त्या दुकानदाराला दोष देणं सोपं आहे. पण शिकल्या-सवरल्या घरांतही पसंतीक्रम म्हणजे काय हे किती जणांना नेमकं माहीत होतं? त्या जूनमध्ये मी जे ऐकलं ते असं. 'पहिल्या नंबरला मोठं कॉलेज टाकू नका, ते नाही मिळालं तर पसंती वाया जाते.' 'पहिल्या नंबरला मोठंच टाका, नाहीतर यंत्राला वाटेल तुम्हाला रस नाही.' 'दहाच्या दहा भरा.' 'एकच भरा, म्हणजे तेच द्यावं लागेल.' यंत्राचा स्वभाव ओळखायचा चाललेला हा खटाटोप पाहून मला नवसाची आठवण होई.

प्रत्यक्षात गुणवत्ता आणि पसंतीक्रमाने वाटप करण्याची रीत सोपी आहे. कल्पना करा, सगळी मुलं गुणांच्या क्रमाने एका रांगेत उभी आहेत. आरक्षित प्रवर्गांच्या जागांसाठी अशाच वेगळ्या रांगा आहेत. सर्वात पुढची मुलगी आपली यादी उघडते आणि पहिलं महाविद्यालय घेते. मग दुसरा, मग तिसरा. तुमची पाळी येते तेव्हा तुमच्या यादीत वरून खाली येताना जिथं पहिली मोकळी जागा दिसेल ती तुमची. रांगेतली तुमची जागा गुणांनी ठरलेली असते, तुमच्या यादीने नाही. म्हणजे वर एखादं न मिळणारं नाव लिहिलं म्हणून तुम्ही मागे ढकलले जात नाही. मागचा माणूस तुमच्या आधी तुमची दुसरी पसंती उचलू शकत नाही. पसंती वाया जाते ही समजूत म्हणून खोटी आहे.

पण ही समजूत आकाशातून पडलेली नाही. जगात अशा पद्धती होत्या, जिथं पसंती खरोखर वाया जात असे. अमेरिकेत बॉस्टन शहरात शाळाप्रवेशाची रीत अशी होती, की प्रत्येक शाळा आधी फक्त तिला पहिली पसंती देणाऱ्यांचा विचार करी. तिथंच जागा संपल्या तर दुसरी पसंती देणाऱ्याला, त्याचा हक्क कितीही वरचा असला तरी, काही उरत नसे. मग पालक खरी आवड लपवून जे मिळण्यासारखं आहे ते पहिलं लिहीत. तिथल्या पालकांचा एक गट या डावपेचांवर चर्चा करायला बैठका घेत असे. ज्यांना अशी बैठक माहीत नव्हती, ते प्रामाणिकपणे आवड लिहून मोकळे होत आणि मार खात. २००५ मध्ये बॉस्टनने ती पद्धत टाकून दिली.

तिच्या जागी जी आली तिचं मूळ गंमतीचं आहे. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी महाविद्यालयीन प्रवेश आणि लग्नं जुळवणं या दोन्ही गोष्टींवर मिळून एक छोटासा निबंध लिहिला. आपल्याकडच्या वधू-वर सूचक मंडळांना तो वाचायला हरकत नाही. प्रत्येकाने आपल्या आवडीप्रमाणे विचारणा करावी, समोरच्याने हातचा राखून होकार द्यावा, त्याहून चांगलं स्थळ आलं तर तो होकार बदलावा, आणि सगळ्यांच्या विचारणा संपल्या की पक्कं करावं. असं केलं तर शेवटी कोणत्याही दोघांना 'आपण एकमेकांना अधिक पसंत होतो, तरी जुळलं नाही' असं म्हणायला जागा उरत नाही. आणि विचारणा करणाऱ्याला आपली आवड लपवून काही फायदा होत नाही. अल्विन रॉथ या अर्थतज्ज्ञाने पुढे हे तत्त्व शाळांच्या प्रवेशाला लावलं. न्यूयॉर्क शहरात पूर्वी दर वर्षी सुमारे ३० हजार मुलांना त्यांनी न मागितलेली शाळा मिळे. २००३-०४ च्या प्रवेशांपासून नवी पद्धत आली आणि हा आकडा सुमारे ३ हजारांवर आला. २०१२ मध्ये रॉथ आणि शॅप्ली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल त्याआधीच, २००८ मध्ये, वारले होते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की प्रवेशाची पद्धत चांगली की वाईट हे संगणकावर ठरत नाही, त्याला घालून दिलेल्या नियमावर ठरतं. चांगल्या नियमाची खूण एकच. पोटात आहे तेच ओठावर आणणाऱ्या साध्या माणसाचं त्यात नुकसान होऊ नये.

या कसोटीवर आपली पद्धत पुष्कळशी उतरते, पण दोन ठिकाणी ती अडते. एक, यादी दहाच नावांची. सगळी दहा नावं मोठ्या महाविद्यालयांची लिहिली आणि त्यांतलं एकही मिळालं नाही तर मूल त्या फेरीत रिकाम्या हाताने घरी. म्हणून खात्रीचं एखादं नाव शेवटी हवंच. दोन, पहिल्या पसंतीची सक्ती. दुसरी-तिसरी पसंती मिळाली तर नाकारून पुढच्या फेरीची वाट पाहता येते, पहिली मिळाली तर नाही. नियम गैर नाही, कारण मागितलेली जागा नाकारून अडवून ठेवली तर दुसऱ्याचं नुकसान होतं. पण मग पहिल्या ओळीचा अर्थ, 'इथं मिळालं तर मी नक्की जाईन' असा होतो. 'घाला चांगली चांगली' असा होत नाही. हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत मराठीत त्या अर्जाच्या माथ्यावर आणि प्रत्येक शाळेच्या फळ्यावर असतं, तर मावशींच्या भाचीचा दीड महिना वाचला असता.

हे सव्वाशे रुपये कसले?

मी १९८० च्या दशकात बँकेत लागलो तेव्हा संगणक आले नव्हते, त्यांच्याविषयीचे मोर्चे मात्र आले होते. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि मग हळूहळू लेजर पोस्टिंगची यंत्रं शाखांतून दिसू लागली. ग्राहक बिथरतील अशी आम्हाला भीती होती. ते बिथरले नाहीत. हळदीचे व्यापारी, ऊसबिल काढायला येणारे शेतकरी, निवृत्तिवेतनाचे आजोबा, सर्वांनी छापील पासबुक आनंदाने घेतलं. अक्षर लागत होतं, बेरीज चुकत नव्हती.

भांडण व्हायचं ते वेगळ्याच ठिकाणी. पासबुकात सव्वाशे रुपये वजा पडलेले असत आणि शेतकरी विचारी, 'साहेब, हे कसले?' काउंटरवरचा एखादा मुलगा म्हणे, 'कॉम्प्युटरने कापलेत.' झालं! तो गृहस्थ तिथंच बैठक मारी. त्याच माणसाला 'चेकबुकाचे आहेत, बघा ही तारीख, त्या दिवशी तुम्ही घेतलंय' असं सांगितलं की तो मान डोलावून जाई. सव्वाशे रुपये दोन्ही वेळा गेलेलेच. कर्ज नाकारतानाही हाच अनुभव. 'बसत नाही' म्हटलं की माणूस कायमचा दुखावतो. 'उतारा सामाईक आहे, भावांची संमती आणा' म्हटलं की तो भावांकडे जातो. नकारापेक्षा कारण न कळणं माणसाला जास्त लागतं.

शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के प्रवेशांत तर कारण असतं निव्वळ नशीब. अर्ज जास्त आले की सोडत काढतात. तरी त्या सोडतीवर पालकांचा राग तुलनेने कमी असतो, कारण नियम एका वाक्यात कळतो. राग आला तो २०२४ मध्ये, नियमच बदलला तेव्हा. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या प्रवेशांतून सूट, असं राज्याने त्या वर्षी ठरवलं. पालक न्यायालयात गेले आणि जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. अकरावीचा इतिहासही असाच आहे. २००८ मध्ये पर्सेंटाइलचं सूत्र, २००९ मध्ये राज्य मंडळाच्या मुलांना नव्वद टक्के जागा, २०२१ मध्ये अकरावीची सीईटी, हे तिन्ही निर्णय उच्च न्यायालयात टिकले नाहीत. ऐन प्रवेशाच्या तोंडावर नियम बदलले की सर्वात चांगल्या संगणकावरही माणसाचा विश्वास बसत नाही.

कोणाला विचारायचं?

समाधान मोजायचंच असेल तर ते कोणाकडे मोजायचं, हे आधी ठरवावं लागेल. संकेतस्थळावर शेवटी पाच तारे दाखवून मत विचारलं तर ते शेवटपर्यंत पोचलेल्यांचंच मत होईल. जो मधेच सोडून आयटीआयला गेला, जी 'यंदा राहू दे'वर थांबली, ज्याच्या मोबाइलवर ओटीपी आलाच नाही, त्यांना कोण विचारणार? शाळांकडे दहावीच्या मुलांची यादी असते. ऑगस्टमध्ये प्रत्येक शाळेने आपल्या मुलांतलं कोण कुठं गेलं आणि कोण कुठंच गेलं नाही एवढं लिहून काढलं, तरी साडेचार लाखांच्या आकड्याहून अधिक काही कळेल.

दुसरी गोष्ट. राज्यात त्या वर्षी अकरावीच्या जागा सुमारे २१ लाख होत्या आणि मुलं त्याहून लाखोंनी कमी. चुरस आहे ती शहरांतल्या थोड्या महाविद्यालयांत. ज्या गावच्या महाविद्यालयात दर वर्षी जागा रिकाम्या राहतात, तिथं जाऊ इच्छिणाऱ्या मुलीला दहा लाखांच्या रांगेत का उभं करायचं? तिने नोंदणी करावी, एकच नाव लिहावं आणि पहिल्या आठवड्यात तिचं पक्कं व्हावं. नोंद संगणकावर राहील, चिठ्ठीला वाव मिळणार नाही आणि वर्ग जूनमध्ये सुरू होतील. शहराची औषधाची मात्रा खेड्याला जशीच्या तशी दिली की असं होतं.

तिसरी गोष्ट सर्वात लहान आणि माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची. यादीबरोबर प्रत्येक मुलाला कारण मिळावं. महाविद्यालयांचे कट ऑफ संकेतस्थळावर असतात खरे, पण त्या जंगलातून आपल्या प्रवर्गाची, आपल्या शाखेची ओळ शोधून ती आपल्या गुणांशी ताडून पाहणं किती पालकांना जमतं? यंत्राकडे हे सगळं आहेच. त्याने एवढंच छापावं: पहिली पसंती, शेवटची जागा इतक्या गुणांवर भरली, तुमचे गुण इतके. दुसरी पसंती, तसंच. तिसरी, मिळाली. तीन ओळींचं पासबुक. आणि त्या ओळींत काही चुकलंय असं वाटलं तर तालुक्याच्या ठिकाणी एक माणूस बसलेला असावा, ज्याला उत्तर देण्याचा आणि दुरुस्ती करण्याचा अधिकार आहे. नुसती मदतवाहिनी नव्हे.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा स्वतःच्या नावाने सरकारशी होणारा हा बहुतेक पहिलाच मोठा व्यवहार. त्याआधीचं सगळं बापाच्या सहीने झालेलं असतं. या पहिल्या व्यवहारात त्याने विचारलं 'का?' आणि समोरून उत्तर आलं, तर तो मतदार म्हणून, ग्राहक म्हणून, शेतकरी म्हणून पुढेही 'का?' विचारत राहील आणि उत्तराची अपेक्षा धरेल. उत्तर आलं नाही, तर तो चिठ्ठी कोणाची आणायची याचा शोध पुन्हा सुरू करेल. मावशींची भाची आता सायकलने कॉलेजला जाते. तिला मी विचारलं, तुझा पसंतीक्रम कितवा होता? ती म्हणाली, 'काय की काका, माझं नाव कुठल्या यादीत का गेलं आणि का आलं, ते मला अजून कुणी सांगितलं नाही.'